अमरेशच्या लग्नातला डबा

संघमित्राला वर्ष पूर्ण झालं आणि त्याच दिवसापासून तिच्या आईला सगळं लातूर एकच प्रश्न विचारू लागलं. अजून किती दिवस पाजणार? शेजारणीने वाढदिवसाचा केक खाता खाता विचारलं. नणंदेने अर्धापूरहून फोन करून विचारलं. मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आलेल्या एका आजोबांनीही विचारलं, आणि त्यांचा या विषयाशी शेवटचा संबंध येऊन पाऊणशे वर्षं तरी उलटली असावीत. बुद्धप्रिया प्रत्येकाला सांगायची की हे मी ठरवलेलं नाही, संघमित्राने ठरवायचं आहे. हे उत्तर कुणालाच पटत नसे. एवढा मोठा निर्णय तेरा महिन्यांच्या मुलीच्या हाती द्यायचा असतो, हे लोकांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

बुद्धप्रिया गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत अमृतराव बिराजदारांच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दुकान अमृतरावांचं, पण भिंतीवर चौकटीत लटकलेलं प्रमाणपत्र तिचं. ती जागेवर नसली तर चिठ्ठीवरची साधी गोळीसुद्धा गिऱ्हाइकाच्या हातात पडू नये, असा कायदा. म्हणून दुपारी घरी जाऊन मुलीला पाजून यावं तर तेही जमत नव्हतं. आणि संघमित्राचं पोट असं, की गाईचं दूध दिलं तर ती ते अर्ध्या तासात परत करी आणि म्हशीचं दिलं तर त्याच्याही आधी.

यावर बुद्धप्रियाने एक व्यवस्था लावली होती. दुपारी बारा वाजता ती दुकानाच्या माळ्यावर जाई, सलाइनच्या खोक्यांच्या आडोशाला बसे आणि हातपंपाने दूध काढी. वीस मिनिटांत पाऊण पेला. खाली येऊन ती ते फ्रिजमध्ये ठेवी. दीड वाजता शाळेची पोरं घरी सोडायला निघालेला रिक्षावाला दुकानासमोर हॉर्न देई, दूध घेऊन जाई, आणि दोनच्या ठोक्याला संघमित्रा आजीच्या मांडीवर ते पिऊन झोपी जाई. सहा महिने हे असं घड्याळासारखं चालू होतं. वीस मिनिटांत पाऊण पेला दूध काढणं म्हणजे काय, हे गल्लीतल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

पण फ्रिज औषधांचा होता आणि त्याचं दार काचेचं होतं. इन्सुलिनच्या रांगेत ती लेबल नसलेली बाटली उभी असे. एके दिवशी इन्सुलिन न्यायला आलेल्या एका आजीबाईंची नजर तिच्यावर पडली आणि हे कशाचं औषध, असं त्यांनी विचारलं. काउंटरवर सिद्धराम होता. सिद्धराम दुकानात वीस वर्षं काम करणारा भला माणूस. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि खरं बोलायची त्या क्षणी हिंमत झाली नाही. ताकदीचं आहे, असं तो म्हणाला. आजीबाई म्हणाल्या, मग दोन बाटल्या बांध. त्यानंतर त्या ताकदीच्या औषधासाठी आजीबाई तीन दिवस लागोपाठ येत राहिल्या आणि तीन दिवस सिद्धराम काउंटरखाली काहीतरी शोधत राहिला.

चौथ्या दिवशी अमृतरावांनी बुद्धप्रियाला बाजूला बोलावलं. अमृतराव सत्तरीचे, अदबशीर गृहस्थ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मूळव्याधीच्या मलमापासून निरोधपर्यंत सगळ्या वस्तूंची नावं ते भर दुकानात खणखणीत घेत. पण दुसऱ्याच्या लेकीसुनेपुढे दूध हा शब्द त्यांच्या जिभेवर येईना.

“मॅडम, ते तुमचं सामान,” ते छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले, “जरा झाकून ठेवत जावा. गिऱ्हाइकाच्या नजरंला येतंय.”

“अप्पा, दूध हाय ते.”

“हाव, तेच. सामान.” पंखा बंद होता, तरी ते त्याच्याकडेच बघत राहिले. “आन् पोरगी वर्साची झाली की आता. पोळ्यापर्यंत चालू द्या. पोळा झाला की बंद करा. रोज अर्धा घंटा तुम्ही माळ्यावर, लोकं इचारायलेत मॅडम कुटं गेल्या. मी काय सांगावं?”

बुद्धप्रिया माळ्यावर गेली आणि सलाइनच्या खोक्याला टेकून थोडी रडली. श्रावण लागला होता, पोळा जेमतेम तीन आठवड्यांवर. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, कारण घर तिच्या पगारावर चालत होतं आणि नवरा आनंदराज नांदेडकडे शाळेवर नुकताच लागला होता. मुलीचं सोडवणं त्याहून शक्य नव्हतं. आनंदराजला फोन केला तर तो म्हणाला, तू म्हणशील तसं. नवऱ्याच्या तोंडी हे वाक्य फार शोभून दिसतं आणि त्याने काम मात्र काडीचंही होत नाही.

पण झाकायचंच तर नीट झाकू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने बाटलीऐवजी स्टीलचा कडीचा डबा आणायला सुरुवात केली. रोज उकळून, पुसून, घट्ट झाकणाचा. काचेतून बघणाऱ्या ब्रह्मदेवालाही आत काय आहे ते कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घोळ एवढाच होता की तो डबा अमरेशच्या लग्नातला होता.

अमरेश म्हणजे अमृतरावांचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं तेव्हा अमृतरावांनी आलेल्या प्रत्येक घराला एक कडीचा डबा दिला होता, आणि प्रत्येक डब्यावर ‘चि. अमरेश व चि. सौ. कां. मंजुश्री’ अशी नावं घातलेली होती. त्या वर्षापासून गल्लीत सगळ्या घरांची भांडी एका नावाची झाली. कुणाकडे लोणचं मागावं तर ते अमरेश-मंजुश्रीतून येई, ताक मागावं तर तेही त्यातूनच. साहजिकच अमृतरावांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातही उरलेल्या डब्यांची चळत होती.

आता गल्लीच्या महादेवाबद्दल सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली एक छोटी पिंड आहे. श्रावणातल्या दर सोमवारी एकेका दुकानाच्या पाळीने तिला दुधाचा अभिषेक होतो. रुद्र म्हणायला मलप्पा स्वामी निलंग्याहून एसटीने येतात, आणि ती गाडी कधी येईल ते महादेवही सांगू शकत नसल्यामुळे अभिषेक दुपारी एकचा ठरलेला. ज्याची पाळी त्याच्या घरचं दूध. तिसरा सोमवार अमृतरावांचा होता.

अमृतरावांच्या पत्नी उमाबाई या दुधाच्या बाबतीत फार कडक. पिशवीचं चालत नाही. तापवलेलं चालत नाही. धार डोळ्यांदेखत काढलेली पाहिजे, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आधी वासराला पोटभर पाजलं पाहिजे. ते तृप्त होऊन उरेल तेवढंच देवाचं. वासराच्या तोंडचं काढून घातलेलं दूध महादेवाला पोचत नाही, उलट घालणाऱ्याला बाधतं, असं त्यांची सासू सांगायची आणि आता त्या सांगायच्या. त्या सोमवारी त्या स्वतः गवळ्याच्या गोठ्यात बसून राहिल्या, वासराने तोंड फिरवलं तेव्हाच धार काढू दिली, काठोकाठ भरलेल्या डब्यात वर बेलाचं एक पान टाकलं आणि डबा सिद्धरामच्या हाती दुकानात धाडला. सिद्धरामने तो नासू नये म्हणून फ्रिजच्या खालच्या फळीवर ठेवला. बारा वीसला बुद्धप्रिया माळ्यावरून खाली आली. दुकानात गर्दी होती. तिने आपला डबा वरच्या फळीवर ठेवला आणि वळून एका खोकल्याच्या चिठ्ठीकडे बघायला लागली.

पाऊण वाजता मलप्पा स्वामी एसटीतून उतरल्याची वर्दी आली. अमृतराव सकाळपासून उपाशी. त्यांनी फ्रिज उघडला, समोर दिसला तो अमरेश-मंजुश्रीचा डबा उचलला आणि अनवाणी निघाले.

पिंडीपाशी झाकण काढल्यावर ते जरा चपापले. डब्यात दोन बोटं दूध होतं. बेलाचं पान नव्हतं. दूध पातळ दिसत होतं, किंचित निळसर. गल्लीतली आठ-दहा माणसं भोवती बसलेली, कापडवाले शेषेराव अगदी समोर. एवढंसंच आणलं का, असं शेषेरावांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. उपवासाच्या दिवशी बायकोला फोन करून जाब विचारणं शहाणपणाचं नाही, हे अमृतरावांना चाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. देवाला भाव लागतो, असं ते पुटपुटले आणि त्यांनी पळी हातात घेतली.

पण रुद्र मोठा आणि दूध थोडं. ते पुरवायचं म्हणून अमृतराव थेंबथेंब घालू लागले. एरवी यजमान लोक भडाभडा ओतून मोकळे होत आणि मलप्पा स्वामींचे शेवटचे मंत्र कोरड्या पिंडीवर पडत. आज प्रत्येक मंत्राला एक थेंब. एक थेंब वाया गेला नाही. बघणारे हळूहळू बोलायचे थांबले. दरवर्षी पिंडीपाशी बसून कापडाच्या भावावर चर्चा करणारे शेषेरावसुद्धा मांडी घालून हात जोडून बसले. इतका मन लावून केलेला अभिषेक त्या लिंबाने पाहिलेला नव्हता. शेवटच्या मंत्राला शेवटचा थेंब पडला तेव्हा मलप्पा स्वामींनी मान वर करून यजमानाकडे जरा निरखून पाहिलं.

मग पिंडीवर पाणी घातल्यावर पन्हळीतून पातेल्यात जमलेलं तीर्थ आधी यजमानाने घ्यायचं असतं. अमृतरावांनी तीन पळ्या घेतल्या आणि डोळे पुसले. “आज तीर्थ लई गोड हाय,” ते म्हणाले.

नेमकी त्याच वेळी दुकानातली लाइट गेली. लाइट गेली की फ्रिजमधल्या इन्सुलिनभोवती बर्फाच्या पिशव्या लावायच्या, हे काम बुद्धप्रियाचं. पिशव्या लावताना डबाही जरा थंडाव्याला सरकवावा म्हणून तिने दिसला तो एकच डबा, खालच्या फळीवरचा, उचलला. तो हाताला जड लागला. सहा महिने रोज जेवढं दूध उचललं त्याचं वजन हाताला पाठ असतं. तिने झाकण काढलं. काठोकाठ दाट दूध आणि वर बेलाचं हिरवंगार पान.

मग तिने वरची फळी पाहिली. तिथे नुसतं इन्सुलिन होतं.

ती डबा घेऊन गल्लीत धावली. लिंबाखाली लोक तीर्थासाठी ओंजळी करून रांगेत उभे होते. अमृतरावांच्या पुढे रिकामा डबा पडलेला तिने पाहिला. बुद्धप्रिया घरची बौद्ध. महादेवाशी तिचं भांडण नव्हतं आणि देणंघेणंही नव्हतं. तिला त्या पातेल्यात फक्त संघमित्राचं दोन वाजताचं जेवण दिसत होतं.

“अप्पा, डबा बदललाय,” ती म्हणाली. “तुमचा ह्यो हाय.”

“मग ह्यात काय होतं?”

“सामान,” बुद्धप्रिया म्हणाली. अमृतरावांनीच दिलेला शब्द तिने त्यांना परत दिला.

अमृतरावांच्या तोंडचं पाणी पळालं, म्हणजे तीर्थच. त्यांनी पंखा शोधायला वर पाहिलं, पण वर लिंब होता. आणि औषधांच्या दुकानातलं सामान म्हटल्यावर रांगेत धांदल उडाली. कसलं सामान, पोटात घ्यायचं का वरून लावायचं, अशी विचारपूस सुरू झाली. शेषेरावांनी अमृतरावांना जीभ बाहेर काढून दाखवायला सांगितलं. कुणीतरी मीठपाणी आणायला निघालं. अमृतराव नुसते हात हलवत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि सांगता एक शब्द येत नव्हता.

शेवटी बुद्धप्रियाच बोलली. “दूध होतं. माझं. माझ्या लेकरासाठी काढलेलं. तुम्हाला दिसू न्हाई म्हणून डब्यात घातलं, आन् तुम्ही तेच उचलून आणलं. आता दोन वाजता तिला मी काय देऊ?”

रांगेतल्या ओंजळी सुटल्या. आठ-दहा मोठी माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली. शेषेरावांच्या ओंजळीत तेवढं तीर्थ पडून गेलं होतं. त्यांना ते पिताही येईना आणि टाकताही येईना. बुद्धप्रिया हे नाव कोणत्या घरचं आहे ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे, म्हणजे तिच्यासमोर बोलत नसे. आत्ताही कुणी काही बोललं नाही, पण शेषेरावांच्या ओंजळीकडे मात्र सगळे बघत होते.

मलप्पा स्वामी अजून पाटावर बसलेले होते. ते पंचाहत्तरीचे, सीमेवरचे, त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेली. त्यांनी पातेल्यातलं तीर्थ स्वतःच्या हाताने ओंजळीत घेतलं, सावकाश प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

“पन्नास वर्सं मी रुद्र म्हनतोय,” ते म्हणाले. “गाईचं घातलं, म्हशीचं घातलं, पावडरचं बी घातलं लोकांनी. महादेवाला समदं मिळालं, येक सोडून. त्याला माय न्हाई. त्याला लहानपनच न्हाई झालं, तर त्याला कोन पाजनार? आज पाजलं.”

वाऱ्याने लिंबाची चार पिवळी पानं पिंडीवर पडली. इतका वेळ आलेला राग कुठे ठेवावा ते बुद्धप्रियाला कळेना. स्वामी तिच्याकडे वळले आणि तिला कानडीत आई म्हणाले.

“अव्वा, वासरू पेलं होतं का आधी?”

“न्हाई. तिच्याच वाट्याचं होतं.”

स्वामींनी पळी खाली ठेवली. आता खरं संकट उभं राहिलं होतं. उमाबाईंचा नियम गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता? वासराच्या तोंडचं काढून घातलेलं दूध पोचत नाही, आणि वर घालणाऱ्याला बाधतं. स्वामींनी निर्णय दिला की अभिषेक अर्धा झालेला आहे. वासरू आणा, ते तृप्त होऊ द्या, मग आरती आणि मग तीर्थ. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण सगळ्यांना पाठ होती, पण विठोबा सोडून महादेवालाही ती लागू पडते आणि पोटोबा तेरा महिन्यांचा असू शकतो, हे त्या दिवशी कळलं.

दीड वाजला होता. रिक्षावाल्याने नेहमीप्रमाणे हॉर्न दिला आणि डबा घ्यायला हात पुढे केला. त्या हातात डबा देण्याऐवजी अमृतराव स्वतःच रिक्षात चढले. आत शाळेची सात पोरं होती. त्या पोरांच्या मांडीवर बसून अमृतराव बुद्धप्रियाच्या घरी गेले आणि वीस मिनिटांनी सात पोरं, तिची सासू पंचफुलाबाई आणि भुकेने लालबुंद झालेली संघमित्रा असा सगळा ऐवज घेऊन परत आले. संघमित्राचा आवाज रिक्षाच्या आधी पोचला.

पंचफुलाबाईंना वाटेत सगळं सांगून झालं होतं. “गेलं ते गेलं,” उतरता उतरता त्या म्हणाल्या. “लेकरू बसून कुटं पील ते सांगा.”

माळ्याची शिडी अरुंद. अमृतरावांनी दुकानाचं शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं, सिद्धरामला बाहेर काढलं, आपली गादीची खुर्ची मायलेकींसाठी आत सरकवली आणि स्वतः दारात उभे राहिले. त्या खुर्चीवर वीस वर्षांत दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. आत रडं एकदम थांबलं. थांबलं म्हणजे कसं, तर भांड्यावर झाकण पडावं तसं.

मग त्या गल्लीत सोमवारी दुपारी दोन वाजता अशी शांतता झाली की शटरच्या आतून घुटक्यांचा आवाज बाहेर ऐकू येऊ लागला. गटक, गटक, आणि मध्ये एक लांब श्वास. बाहेर आठ-दहा व्यापारी, सात पोरं, एक रिक्षावाला आणि एक स्वामी तो आवाज ऐकत उभे होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेषेरावांची ओंजळ अजून तशीच होती. त्यांना तीन मुलं आणि पाच नातवंडं. हा आवाज आपण याआधी कधी ऐकला होता का, हे ते आठवत होते आणि त्यांना आठवत नव्हतं. आपण सगळेच असे कुणाच्यातरी मांडीवर गटक गटक करत मोठे झालो, ही गोष्ट खरं तर सगळ्यांना ठाऊक असते. पण ठाऊक असणं वेगळं आणि भर दुपारी शटरबाहेर उभं राहून ती ऐकणं वेगळं. अमृतरावांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांनी उपरण्याच्या टोकाने नाक पुसलं.

एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला पित्ताची गोळी हवी होती आणि घाई होती.

“थांबा,” अमृतराव म्हणाले. “आत लेकरू दूध पिऊन राहिलंय.”

दूध. भर गल्लीत, खणखणीत. सिद्धरामने चमकून मालकांकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने काय चाललंय ते विचारलं नाही. चपला काढून तेही रांगेत उभं राहिलं.

थोड्या वेळाने शटरखालून पंचफुलाबाईंचं तोंड बाहेर आलं. “एक बाजू झाली,” त्या म्हणाल्या.

“एक बाजू झाली,” अमृतरावांनी लिंबाकडे तोंड करून स्वामींना कळवलं. “दुसरी चालू हाय.” ही बातमी रांगेतून मागेपर्यंत गेली आणि लोकांनी मान डोलावली, जणू पहिल्या फेरीचा निकाल लागला होता.

दुसरी बाजू लांबली. संघमित्राला बाहेरची शांतता आवडली असावी. मध्येच ती थांबे, आईच्या बांगड्यांशी खेळे, पुन्हा प्यायला लागे. उपवासाने लोकांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण घाई करा असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दुकानात आजवर कितीतरी मोठी माणसं येऊन गेली होती, पण कुणासाठी गल्ली अशी थांबलेली नव्हती.

अखेर शटर वर गेलं. बुद्धप्रिया बाहेर आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले आणि खांद्यावर संघमित्रा. मुलीने मान वळवून त्या सगळ्या रांगेकडे एकदा नीट पाहिलं. पंचफुलाबाईंनी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. आणि संघमित्राने ढेकर दिला. तेरा महिन्यांच्या जिवात एवढा आवाज कुठून येतो ते कळत नाही, पण तो लिंबापर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

“तृप्त झालं वासरू,” मलप्पा स्वामी म्हणाले आणि त्यांनी घंटा उचलली.

आरती झाली. तीर्थ वाटायच्या आधीच शेषेरावांनी आपल्या ओंजळीतलं, बोटांतून गळून राहिलं होतं तेवढं, डोळे मिटून पिऊन टाकलं आणि पुन्हा हात पुढे केला. त्यांच्या मागे अख्खी रांग आली. उमाबाईंच्या डब्यातल्या दाट दुधाचा, बेलाचं पान काढून, सगळ्यांना चहा झाला. शाळेच्या सात पोरांनाही मिळाला, आणि पोरं घरी पोचली नाहीत म्हणून शोधत गल्लीत धावत आलेल्या त्यांच्या आयांनाही मिळाला.

पोळा आला आणि गेला. बंद करण्याचा विषय अमृतरावांनी पुन्हा काढला नाही. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भांड्यांवर नावं घालणारा गल्लीतून चालला होता, त्याला त्यांनी थांबवलं आणि बुद्धप्रियाचा डबा मागून घेतला. टकटक टकटक करून त्याने अमरेश-मंजुश्रीच्या वर मोठ्या अक्षरांत ‘संघमित्रा’ असं घातलं. पुन्हा घोळ नको, एवढंच अमृतराव म्हणाले. मग त्यांनी तो डबा फ्रिजच्या मधल्या फळीवर, काचेतून नाव दिसेल असा ठेवला.

आठवड्याने त्या इन्सुलिनवाल्या आजीबाई आल्या. त्यांनी काचेतून डबा पाहिला आणि ह्यात काय, असं विचारलं. सिद्धराम लगोलग काउंटरखाली वाकला.

“दूध हाय,” अमृतराव म्हणाले. “आमच्या मॅडमच्या लेकीचं.”

“पोर केवढी हाय?”

“चौदा महिन्यांची हाय.”

“आन् अजून पेती? आनखी किती दिवस पाजनार?”

“ते तिलाच इचारा. ती ठरविनार हाय.”

आजीबाईंनी काउंटरवर वाकून खाली लपलेल्या सिद्धरामकडे बोट दाखवलं. “पर ह्यो तर मला ताकदीचं हाय म्हनला होता.”

“मग?” अमृतराव म्हणाले. “खोटं कुटं बोलला?”